डोलकाठीला धरणारी तार

शिडाच्या होडीची डोलकाठी स्वतःच्या बळावर उभी नसते. उजवीकडून, डावीकडून, पुढून आणि मागून तिला ओढून धरलेले असते आणि या ओढी एकमेकींना तोलतात म्हणून ती सरळ दिसते. ही ओढ ज्यांच्यातून जाते ते दोर किंवा तारा म्हणजे तणावे. शीड चढवायचे आणि फिरवायचे दोर वेगळे, ते रोज हाताखालून जातात. तणावे एकदा बांधले की जागचे हलत नाहीत आणि त्यामुळेच त्यांच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही.

माझे कामाचे सारे आयुष्य मुंबई बंदरातल्या लहान होड्यांचे तणावे बदलण्यात आणि ताणण्यात गेले. या कामाने मला एक गोष्ट पक्की शिकवली. गेल्या दोन शतकांत तणाव्यांची ताकद कितीतरी वाढली, पण तुटण्याआधी इशारा देण्याचा त्यांचा गुण कमी होत गेला. त्यांचा इतिहास मी या अंगाने सांगणार आहे, कारण आजच्या होडीवाल्याच्या जिवाशी त्याचा थेट संबंध आहे.

आमच्या किनाऱ्यावर तणावे काथ्याचे असत. माझे आजोबा मालवणकडच्या फत्तेमारीवर खलाशी होते. कौले, मीठ, लाकूड असा माल भरून त्यांची फत्तेमारी मुंबईपर्यंत येई. नारळाची सोडणे खाडीच्या पाण्यात महिनोन्महिने कुजत घालायची, बडवून काथ्या मोकळा करायचा आणि वळून दोर करायचे. काथ्या खाऱ्या पाण्याला दाद देत नाही, पाण्यावर तरंगतो, ताणला की लांबतो आणि सोडला की पुष्कळसा मागे येतो. नांगराच्या दोराला हा गुण फार मोलाचा, कारण लाटेचा हिसका दोरच पोटात घेतो. डोलकाठीला मात्र तोच गुण नडतो. वाऱ्याचा झोत आला की दोर लांबतो आणि काठी झुकते.

फत्तेमारीच्या बांधणीतच याला उत्तर होते. तिची डोलकाठी जाड, फार उंच नसलेली आणि पुढे कललेली असे. मोठे शीड परबाण नावाच्या लांब वाशाला बांधलेले. वारा दुसऱ्या अंगाने घ्यायचा झाला की परबाण काठीच्या पुढून फिरवून पलीकडे न्यावा लागे, त्यामुळे तणावे कायमचे बांधून ठेवणे शक्यच नव्हते. वाऱ्याकडचे आवळायचे, वाऱ्याआडचे सोडायचे, दिशा बदलली की उलट करायचे. म्हणजे प्रत्येक तणाव्याला दिवसातून कितीदा तरी खलाशाचा हात लागे. दोर विसविशीत झाला, एखादा पीळ उसवला, तर ते डोळ्यांच्या आधी हाताला कळे. पावसाळ्यात फत्तेमारी काठावर ओढली की सगळे दोर सोडून तपासायचे, निकामी झालेले बदलायचे, आणि नारळी पौर्णिमा झाल्यावर पुन्हा समुद्र धरायचा, असा वर्षाचा क्रम होता.

मुंबईच्या गोदीत बांधल्या जाणाऱ्या मोठ्या जहाजांची तऱ्हा निराळी होती. १७३६ मध्ये सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या घराण्याने इथे सागवानी जहाजे बांधली. त्यांतली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली पाण्यात उतरली आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. अशा जहाजांच्या उंच डोलकाठ्यांना लवचीक काथ्या चालत नसे. तिथे हेम्पचा, म्हणजे भांगेच्या कुळातल्या झाडाच्या वाखाचा, डांबर पाजलेला दोर लागे. ब्रिटिश आरमाराचा बहुतेक हेम्प रशियातून येई. नेपोलियनच्या काळात तो पुरवठा धोक्यात आला तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीने आपल्याकडच्या तागाचे दोर करून पाहण्याचा मोठा खटाटोप केला. आपले शेतकरी आज हिरवळीच्या खतासाठी पेरतात तोच हा ताग. रशियन हेम्पची जागा मात्र त्याला मिळाली नाही.

हेम्पच्या तणाव्याची मशागत हे खलाशाचे नित्याचे काम होते. दोराच्या पिळांमधल्या खाचांत बारीक सुतळी भरायची, वरून डांबरलेल्या कापडाच्या पट्ट्या गुंडाळायच्या आणि त्यावर सुतळीचे घट्ट वेढे द्यायचे. पाणी आत शिरू नये यासाठी ही सगळी धडपड. तणाव्याचे खालचे टोक तीन भोके असलेल्या गोल लाकडी ठोकळ्याला बांधत. तसाच दुसरा ठोकळा जहाजाच्या कुशीला असे आणि दोन्हींच्या भोकांतून बारीक दोर ओवून ताण देत. हेम्प ओला झाला की आखडतो, वाळला की ढिला पडतो. त्यामुळे पाऊस पडला, ऊन तापले, वारा फिरला की हा ताण पुन्हा जुळवावा लागे. दोराच्या पोटात काय चालले आहे ते पाहायचे तर टोकदार लोखंडी सळईने पीळ उघडून आतला रंग बघायचा, वास घ्यायचा. आतून काळा पडलेला, कुबट वासाचा दोर काढून टाकायचा. हेम्पला देखभाल फार लागत असे, पण त्याचे पोट उघडून पाहता येत असे.

तार आली ती समुद्रावरून नव्हे, खाणीतून. जर्मनीतल्या हार्ट्‌झ डोंगरात क्लाउस्टालच्या खाणी खोल खोल जात होत्या. तिथे विल्हेल्म आल्बेर्ट हा खाण-अधिकारी होता. वर माल ओढायला हेम्पचे दोर वापरले तर ओलीत कुजत आणि लोखंडी साखळी वापरली तर एक कडी तुटताच सगळा भार खाली कोसळे. साखळी का तुटते, हे पाहायला आल्बेर्टने १८२९ च्या सुमारास एक प्रयोग केला. साखळीवर एकदम मोठा भार न टाकता तोच मध्यम भार पुन्हा पुन्हा दिला. एका झटक्यात जो भार साखळी सहज उचलते, तोच हजारो वेळा दिला की ती तुटते, हे त्याला दिसले. धातू थकतो, याची ही पहिली नोंदलेली तपासणी मानली जाते. तणाव्याचे काम करणाऱ्याने आल्बेर्टचे नाव लक्षात ठेवावे ते या प्रयोगासाठी, कारण होडीची तार एकाएकी पडलेल्या भाराने क्वचितच तुटते. ती थकून तुटते.

जुलै १८३४ मध्ये आल्बेर्टने कॅरोलिन खाणीत स्वतः घडवलेला दोर लावला. साडेतीन मिलिमीटर जाडीच्या चार लोखंडी तारा हाताने पिळून एक पेड आणि असे तीन पेड वळून एक दोर. एकूण बारा तारा. त्यांतली एक तुटली तरी उरलेल्या अकरा भार धरत, आणि तुटलेली तार वर उभी राहून दिसे. साखळीची ताकद आणि दोराचा इशारा हे दोन्ही गुण या बारा तारांत एकत्र आले होते.

इंग्लंडमध्ये अँड्र्यू स्मिथने १८३५ मध्ये जहाजांच्या तणाव्यांसाठी तारदोराचे पेटंट घेतले आणि रॉबर्ट स्टर्लिंग न्यूअलने १८४० मध्ये तारदोर यंत्रावर वळण्याचे. १८४३ मध्ये ब्रिस्टलला पाण्यात उतरलेल्या ब्रुनेलच्या 'ग्रेट ब्रिटन' या लोखंडी जहाजाला हेम्पऐवजी लोखंडी तारांचे तणावे होते. तेवढ्याच ताकदीची तार हेम्पपेक्षा कितीतरी बारीक असते, त्यामुळे वाऱ्याला तिची अडवणूक कमी. गंजाचा प्रश्न जस्ताने हलका केला. लोखंडावर जस्ताचा थर चढवण्याचे पेटंट फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेलने १८३७ मध्ये घेतले होते. १८६९ मध्ये बांधलेल्या 'कटी सार्क' या चहाच्या जहाजापर्यंत येता येता तारेचे तणावे रूढ झाले होते.

तारेने डोलकाठी ताठ धरली आणि हेम्प पोटात घेत असलेला हिसका आता काठीवर, जहाजाच्या कुशीवर आणि जोडांवर जाऊ लागला. ताण देण्यासाठी लाकडी ठोकळ्यांच्या जागी हळूहळू आट्यांचा स्क्रू आला. आमच्या कामात त्याला टर्नबकल म्हणतात. त्याने एक माणूस पान्याच्या जोरावर, पूर्वी दहा जणांनी दोर ओढून दिला असता त्याहून अधिक ताण देऊ शकतो. त्यामुळे किती ताणायचे, याचा विचार आवश्यक झाला.

विसाव्या शतकात लहान शर्यती नौकांच्या डोलकाठ्या उंच आणि बारीक झाल्या. बर्म्युडा पद्धतीचे उंच त्रिकोणी शीड आले. काठीवर आडव्या कांड्या लावून तारा बाहेर ढकलाव्या लागल्या आणि इतक्या तारा पाहून लोकांनी त्या रचनेला बिनतारी यंत्राच्या खांबांवरून मार्कोनीचे नाव दिले. त्याच सुमारास, १९१२-१३ मध्ये, जर्मनीत क्रुप कंपनीत आणि शेफील्डला हॅरी ब्रिअर्लीने न गंजणारे पोलाद शोधले. पुढे स्टेनलेसच्या एकोणीस तारांचा एकच पेड रूढ झाला: मध्ये एक, भोवती सहा, बाहेर बारा. आज बहुतेक लहान होड्यांचे तणावे असेच असतात.

या इतिहासात मुंबईचे स्वतःचे मोठे पान आहे. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ चा. पण त्याहून मला जवळची वाटते ती कुलाब्याला बांधलेली 'सुहैली'. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीतला तरुण अधिकारी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन याने ३२ फुटी सागवानी नौका इथे बांधून घेतली. १९६४ मध्ये ती पाण्यात उतरली आणि १९६५ च्या अखेरीस मुंबईहून निघाली. १४ जून १९६८ ला फाल्मथहून सुटून २२ एप्रिल १९६९ ला तो परतला. कुठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीला पहिली प्रदक्षिणा घातली ती मुंबईत घडलेल्या या होडीने, ३१२ दिवसांत. मग गोव्यात दिवाडीच्या अ‍ॅक्वेरियस कारखान्यात 'म्हादेई' बांधली गेली. तिच्यावरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली, टॉमींनी तर कुठेही न थांबता.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. तार निवडताना बहुतेक जण विचारतात की वारा किती लागेल. अमेरिकन नौकारचनाकार नॉर्मन स्कीन यांचे पुस्तक १९०४ मध्ये आले. त्यांच्या नावाने चालत आलेल्या रीतीत सुरुवात वाऱ्यापासून होत नाही, होडीपासून होते. वाऱ्याने होडी कलंडू लागली की ती सरळ व्हायला जोर लावते. होडी जितकी हट्टी, तितका भार तारेवर अधिक. म्हणून ३० अंश कललेल्या होडीचा सरळ होण्याचा जोर काढायचा, तो दीडपट करायचा, आणि डोलकाठीपासून कुशीवर तणावा जिथे जोडतात त्या पट्टीपर्यंतच्या अंतराने भागायचा. उदाहरण म्हणून सात मीटरच्या होडीचा हा जोर ९०० किलोग्रॅम-मीटर धरू. दीडपट १३५०. अंतर १.१ मीटर असेल तर एका बाजूचा भार १२२७ किलो. वरच्या तणाव्यावर त्यातला निम्मा, म्हणजे सुमारे ६१४ किलो. सुरक्षिततेसाठी तिप्पट धरला तर सुमारे १८४० किलो. एकोणीस तारांची ५ मिलिमीटर तार साधारण दोन टनांना तुटते, म्हणून ती घ्यायची. ४ मिलिमीटरची सव्वा-दीड टनाला तुटते, ती कमी पडेल. ६ मिलिमीटरची तीन टनांच्या आसपास जाते, पण काठीच्या टोकाला नाहक वजन चढते आणि सगळे जोड मोठे घ्यावे लागतात. जाड म्हणजे सुरक्षित, हा समज होडीला जड पडतो.

एक सावधगिरी मुद्दाम सांगतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर क्रेनची, लिफ्टची तार सहज मिळते. ती कप्पीवरून वळण्यासाठी बनवलेली, अनेक पेडांची आणि मऊ असते. तणाव्याला ती घेतली तर ताण टिकत नाही. दारूखान्याच्या भंगारातली जुन्या जहाजांची तार कितीही भक्कम दिसली तरी तिचे वय आणि तिने सोसलेला भार कुणालाच ठाऊक नसतो. तणाव्याला नवीच तार हवी, ३१६ दर्जाच्या स्टेनलेसची आणि एकोणीस तारांच्या एका पेडाची.

ताण देण्याची रीत मी नव्या मुलांना नेहमी अशी दाखवतो. आधी सगळ्या तारा हाताने घट्ट होतील एवढ्याच आवळायच्या. शीड चढवण्याच्या दोराला मोजपट्टी बांधून वर न्यायची आणि शेंड्यापासून दोन्ही कुशींपर्यंतचे अंतर मोजून काठी मध्यावर आणायची. मग दोन मीटरची घडीची पट्टी घ्यायची, तिचे वरचे टोक चिकटपट्टीने तारेला पक्के करायचे आणि खालचे टोक तारेच्या जोडाला नेमके टेकवायचे. आता टर्नबकल फिरवत जायचे. तार लांबते आणि पट्टीचे खालचे टोक जोडापासून वर सरकते. ही फट एक मिलिमीटर झाली की तारेवर तिच्या तुटण्याच्या भाराच्या ५ टक्के ताण बसला. तीन मिलिमीटर म्हणजे १५ टक्के. बाजूच्या मुख्य तणाव्यांना सुरुवातीला एवढा पुरे. तार चार मिलिमीटरची असो की सहाची, हिशोब बदलत नाही, कारण जाड तार ओढायला जास्त जोर लागतो तसाच तोडायलाही लागतो. एका बाजूला दोन फेरे दिले की दुसऱ्या बाजूलाही तेवढेच द्यायचे.

खरी परीक्षा पाण्यावर. होडी वीसेक अंश कलली असताना वाऱ्याआडची तार हाताने हलवून पाहायची. ती सैल होऊन झोके घेत असेल तर ताण कमी आहे. ताण कमी ठेवला की होडीला आराम मिळतो असे पुष्कळांना वाटते, प्रत्यक्षात होते उलटे. झोके घेणारी तार प्रत्येक लाटेला जोडापाशी वाकते आणि आल्बेर्टच्या साखळीसारखी थकत जाते. म्हणून तारेच्या टोकाला सगळ्या बाजूंनी हलणारा टॉगल हवा. शेवटी टर्नबकलला स्प्लिट पिन घालायची, नाहीतर आटे स्वतःहून सुटतात.

तरीही स्टेनलेसमध्ये एक धोका उरतो. हे पोलाद गंजत नाही ते हवेतल्या प्राणवायूने त्याच्यावर धरलेल्या पातळ थरामुळे. जोडाच्या आत, जिथे खारे पाणी साचते आणि हवा पोहोचत नाही, तिथे तो थर टिकत नाही. तारेचे टोक पोलादी नळीत घालून यंत्राने दाबलेले असेल तर आतली झीज बाहेरून दिसत नाही. तारेवरून ओघळणारे पाणी नेमके खालच्या जोडात साठते, त्यामुळे तिथली तार आधी जाते. बाहेरून आरशासारखी चकचकीत तार आतून अर्धी कापली गेलेली मी हातात घेऊन पाहिली आहे. हेम्प उघडून वास घेता येई. दाबून बसवलेला जोड उघडताच येत नाही. स्टा-लॉक किंवा नॉर्समनसारख्या जोडात तारा उसवून शंकूभोवती बसवतात आणि वर टोपी आवळतात. तो जोड उघडून पाहता येतो, म्हणून मी त्याचा आग्रह धरतो.

तपासणीची साधी रीत आहे. कापसाचा बोळा घेऊन तार वरपासून खालपर्यंत पुसायची. एखादी बारीक तार तुटली असेल तर कापूस अडकतो. जोडाच्या तोंडाशी तांबूस डाग, नळीवर केसासारखी चीर, एखादी तार किंचित उचललेली, यातले काहीही दिसले तर त्या तारेच्या भरवशावर पुन्हा बाहेर पडायचे नाही. एकोणिसांतली एक जरी तुटली तरी पूर्ण तार बदलायची, आणि तिच्या जोडीची दुसऱ्या बाजूचीही.

समुद्राची ताकद तारेपेक्षा मोठी असते, हेही मान्य केले पाहिजे. 'सुहैली'च्या धर्तीवर गोव्यात बांधलेली अभिलाष टॉमींची 'थुरिया' २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात उलटली, तिच्या डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमींच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. तीन दिवसांनी 'ओसिरिस' या फ्रेंच नौकेने त्यांना वाचवले. अशा लाटेपुढे कोणतीही तार हतबल आहे. पण बंदरात, साध्या वाऱ्यात, निव्वळ दुर्लक्षाने पडलेली काठी ही समुद्राची करणी नसते.

परदेशांत अनेक विमा कंपन्या दहा वर्षांनी तणावे बदलायला सांगतात. आपल्या उष्ण, खाऱ्या, दमट हवेत तेवढी वाट पाहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. होडी बाळगणाऱ्या प्रत्येकाला आणि होड्या शिकवणाऱ्या प्रत्येक क्लबला माझी विनंती आहे की तार बसवली त्या दिवसाची तारीख, तिची जाडी आणि दर्जा एका वहीत लिहून ठेवा, पावसाळ्यात होडी काठावर असते तेव्हा प्रत्येक जोड भिंगातून पाहा, आणि वहीतली तारीख जुनी झाली की तार कितीही चकाकत असली तरी ती बदला.